गुरूवर पाय ठेवायला जमीन नाही

माझ्या मामाला तारांगणात सगळे 'भोंगा' म्हणायचे, अगदी तोंडावर. घुमटाखाली अंधार करून तो रोज शाळांच्या पोरांना ग्रह दाखवायचा, तेही माइकशिवाय. म्हणायचा, "माइकमधून बोललं की देव बोलल्यासारखं वाटतं. आणि देवाला पोरं प्रश्न विचारत नाहीत."

थंडीत त्याचा घसा बसला, तो काही केल्या उठेना. डॉक्टर म्हणजे एकेका वाक्याला टेबलावर पेन आपटणारा गृहस्थ. "स्वरयंत्र काढावं लागेल." टक. "माणूस वाचेल." टक. "आवाज जाईल." टक टक.

मामी शिवणकाम करते आणि ओठांत टाचण्या धरूनच भांडते, त्यामुळे तिची सगळी भांडणं दातांतून येतात.

"आवाज काय चाटायचाय? तारीख घ्या."

"सहली संपू देत गं."

"सहली संपेपर्यंत तुम्ही संपाल!"

"बरंय की. तुझी कटकट वाचेल."

मामी शिलाई मशीनवर तुटून पडली. खडखडखडखड. त्या घरात शेवटचा शब्द नेहमी मशीनचा.

मामाने तारीख घेतली नाही. गरम पाण्याचा थर्मास काखोटीला मारून तो कामावर जात राहिला. आवाज इतका खोल गेला की पोरं ऐकायला खुर्च्यांच्या टोकावर येऊन बसायची. एकदा मी मागच्या रांगेत होतो. घुमटावर गुरू आला, पट्ट्यापट्ट्यांचा, आणि पुढून एक चिमुरडी ओरडली, "काका, तिथे प्राणी आहेत?"

मामा खुलला. हा त्याचा सगळ्यात लाडका प्रश्न.

"कोणालाच माहीत नाही, बाळ. तिथे जमीनच नाही, नुसते ढगांखाली ढग. खाली जावं तसं गरम आणि दाट. कोणी असलंच, तर फुग्यासारखं तरंगणारं असेल. पण वारा त्याला कधी ना कधी खाली ओढणार. तिथे ते भाजून मरणार. त्याआधी पिल्लं झाली आणि त्यातलं एखादं वर जाणाऱ्या वाऱ्याला लागलं, तर वंश टिकेल."

"म्हणजे सगळे पडतातच?"

"पडतातच."

"मग तरंगायचं कशाला?"

 मामाने थर्मासचं झाकण उघडलं, घोट घेतला, झाकण लावलं. पोरं खिदळायला लागली. बाई गरजल्या, "प्रश्न पुरेत! हाताची घडी!"

"आता शनी," मामा म्हणाला.

त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या त्याने मामीला सांगितलं, "घे तारीख."

डॉक्टरने पुन्हा तपासण्या केल्या. या वेळी पेन खिशातच राहिलं. "पसरलंय. आता कापून उपयोग नाही."

मामी आता 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणणार म्हणून आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने मामाचा थर्मास उचलून आपल्या काखोटीला मारला. 

तारांगणाच्या साहेबांनी गुच्छ दिला. "तुमची जागा कोणीच भरून काढू शकत नाही हो, कोणीच नाही!" ती त्याच आठवड्यात भरली, ध्वनिमुद्रणाने. कुणी गुळगुळीत गळ्याचा माणूस म्हणतो, 'तेथे जीवसृष्टी आढळलेली नाही,' आणि त्याच श्वासात शनीवर जातो.

मामीने मामाचा खेळ कधीच पाहिला नव्हता. "अंधारात बसायला मला फुरसत आहे होय?" आता मामा दिवसभर खाटेवर आणि मशीन शेजारी. एका दुपारी त्याचे ओठ हलताना दिसले म्हणून तिने पायाने मशीन थांबवलं, ओठांतल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि कान त्याच्या तोंडाशी नेला. श्वास घेत घेत त्याने तिला गुरू सांगितला. ढग, वारा, तरंगणं, पडणं, सगळं.

"मग आहे का कोणी तिथे?" मामीने विचारलं.

मामाने खांदे उडवले.

"नसू दे," मामी म्हणाली. "देवा, कोणी म्हणजे कोणी नसू दे तिथे."