अळ्यांवर भंडारा

नातेपुत्याजवळच्या आमच्या वस्तीवर पिढ्यानपिढ्या मेंढरं. तिथं मी रेशमाच्या अळ्या आणल्या, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, कपाळावर हात मारला. "मेंढराची लोकर काढून झाली, आता किड्याची काढायची व्हय?" पण मी हट्टाला पेटले होते. अळ्यांच्या पाल्यासाठी लावलेल्या तुतीवर औषध फवारायचं नाही, उरलेल्या काड्या शेळ्यांना, अळ्यांच्या लेंड्या परत रानात. काही म्हणजे काही वाया नाही! पहिली बॅच साधली तर तुतीचं रान माझ्याकडे, नाहीतर तिथं पुन्हा ऊस, असं घरात ठरलं होतं.

अळ्या वाढल्या तशी माझी झोप उडाली. पाला टाकला की शेडभर कुरुकुरु आवाज, जणू पंगत कडक भाकरी चावतेय! मी चुलीवरचं सोडून ऐकत बसायचे. मामाही दारात टेकायला लागले. "लई खात्यात की गं," म्हणायचे, आणि आवाजात कौतुक असायचं. त्यांना एकच बजावलं होतं: तंबाखू खाऊन आत यायचं नाही. अळ्यांना ती विषच.

एका सकाळी अळ्यांनी खाणं सोडलं, अंग पिवळसर, आरपार दिसेलसं झालं. कोष करायची वेळ आली! मी आनंदानं ओरडलेच. मग मामांनाही राहवेना. आमच्याकडे मेंढी व्याली की कोकरावर भंडारा टाकतात. मामांनी कमरेची चंची सोडली, चिमूटभर भंडारा काढला आणि पुढच्या रॅकवर उधळला. "बाळंच हायती की ही बी."

भंडारा आणि तंबाखू एकाच चंचीत!

पिवळ्या हळदीत तपकिरी चुरा दिसला. बघता बघता त्या अळ्या माना झटकायला लागल्या, तोंडातून हिरवं पाणी. "मामा, बाहेर व्हा आधी!" मी किंचाळले. आमच्या घरात सासऱ्यांशी असं कुणी बोलत नाही. ते बाहेर गेले. मी त्या रॅकवरचा सगळा पाला अळ्यांसकट उचलून लांब पुरला, रॅक धुऊन काढलं, आणि बाकीच्या अळ्यांवर कोष विणायच्या जाळ्या अंथरल्या. जीव टांगणीला लागला होता. रागही मावत नव्हता आणि मामांच्या चेहऱ्याकडे बघवतही नव्हतं.

वाचल्या! दोन-तीन दिवसांत जाळ्या कोषांनी गच्च भरल्या, बोराएवढे, पांढरेशुभ्र. मी एकटीच शेडमध्ये टाळ्या वाजवत सुटले.

वळून बघते तर दारात मामा. कमरेला चंची नव्हती. शाळेत पोरं धुतलेले हात दाखवतात तसे दोन्ही ओले तळवे त्यांनी माझ्यापुढे धरले होते.

"सूनबाई, येऊ का आत?" ते म्हणाले. "आन् अजून तुती लावायची तर कुटं, ते बी तूच सांग."

लग्न झाल्यापासून या घरात परवानगी विचारायची ती मीच.