जेटीमागच्या आळीतल्या दुपारी

द्रुपदी गेली त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक म्हातारी कोळीण आमच्या दारात आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पायात चप्पल नाही. आत बायका माझ्या बायकोला शेवटची आंघोळ घालत होत्या, मी अंगणाच्या तोंडाशी उभा. कुठून आलात विचारलं, तर म्हणाली, मुरुडहून, जेटीमागच्या आळीतून. तेवढं नाव ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता इथं काय मिळायचं नाही, जावा परत. ती पिशवी छातीशी धरून वळली. पुतण्या नंतर म्हणाला, ती बाई एसटीच्या थांब्यावर बराच वेळ रडत बसली होती. मी म्हटलं, नाटकं असतात.

त्या आळीचं नाव आमच्या गावात कोणी चांगल्या तोंडानं घेत नाही. दारू, चोऱ्या, मारामाऱ्या. त्यातलं निम्मं मीच पसरवलं असेल. नवं लग्न झालं तेव्हा मी मुरुडला बर्फाच्या कारखान्यात कामाला होतो आणि आम्ही दोन वर्षं त्याच आळीत एका खोलीत राहिलो. एक दिवस दोन खलाशी भांडताना बघितले आणि तिसरा कोयता घेऊन धावत येताना बघितला. दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड उचललं आणि गावाला भातशेतीवर आलो. तो कोयता मी पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगितला. द्रुपदी ऐकायची, बोलायची नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी ती पडवळ, तोंडली घेऊन मुरुडच्या बाजाराला जायची. भाजी अकराला संपते हे सगळ्या गावाला माहीत, आणि ही यायची चारच्या गाडीनं. एकदा विचारलं, "गाडी रोज चुकते व्हय गं?" तर म्हणते, "रोज कुठं? मंगळवार-शुक्रवारच चुकते." मी हसलो आणि सोडून दिलं. पण मनातून गेलं नव्हतं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि ती कोळीण डोक्यातून हलेना. द्रुपदीनं तिथं काही गहाण टाकलं होतं का? कोणी तिला नादी लावलं होतं का? एवढ्या वर्षांचा संसार, आणि बाई आठवड्यातल्या दोन दुपारी कुठं काढते ते नवऱ्याला ठाऊक नाही. हे कसं गिळायचं?

श्रावणातल्या एका मंगळवारी मी मुरुडची एसटी धरली. घड्याळ घरी ठेवलं, पैसे बंडीच्या आतल्या खिशात. आळीत होड्या वर ओढून ठेवलेल्या, पडवीपडवीत जाळी विणणं चाललेलं. एक दाढीवाला बाप्या माझ्या मागं मागं येऊ लागला. मी भरभर चाललो, तोही भरभर. शेवटी उभा राहून दरडावलं, काय पाहिजे? म्हणाला, "काका, त्या बाजूनं नका जाऊ, शेवाळ हाय. परवा एक आपटला." मी आभार मानले नाहीत. खिसा तेवढा चाचपला. द्रुपदी भाजीवालीला ओळखणारी म्हातारी कोणती, असं विचारलं, तर चार दारांतून एकच नाव आलं. हिराबाई.

हिराबाई जाळ्याची गाठ मारत होती. उठली नाही. म्हणाली, "आलाव? बसा दाजी." दाजी कसला, मी मनात म्हटलं. चहा नको म्हणालो आणि सरळ विचारलं, त्या दिवशी पिशवीत काय होतं? ती आत गेली, पिशवी आणून माझ्यापुढं ठेवली. हिरवी साडी, खण, हिरव्या बांगड्या.

आमच्याकडे बाई नवऱ्याआधी गेली की शेवटची साडी माहेरची नेसवतात. त्या दिवशी आतल्या बायका विचारत होत्या, हिच्या माहेरचं कोण? मीच ओरडून सांगितलं होतं, कोणी नाही उरलं तिचं, बाजारातून आणा. तेव्हा हिराबाई थांब्यावर बसली होती... ही आमच्या खोलीशेजारची हिरा. आम्ही आळीत राहायचो तेव्हा अंगानं दांडगी होती. दारात आली तेव्हा मी ओळखलं नाही.

"आळी तुम्ही सोडलीत," ती म्हणाली, "तिनं न्हाय सोडली." आणि कोयत्याचंही तिनंच सांगितलं. कोयता तिच्या नवऱ्याचा. नारळ सोलत बसला होता, भांडण सोडवायला तसाच धावला, हातातला टाकायचा राहिला. "आणि तुम्ही गाठोडं बांधलंत," म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

मग मी ते विचारलं, ज्याच्यासाठी आलो होतो. दुपारची ती इथं काय करायची?

"झोपायची."

कोपऱ्यात गुंडाळलेली चटई आणि एक उशी होती. उशीचा अभ्रा द्रुपदीच्या जुन्या लुगड्याचा, मधोमध खोबरेल तेलाचा डाग. जेवून पाय लांब करायची म्हणे, घोरायचीसुद्धा. हिराबाई तिला म्हणायची, दाजींना सांग की एकदा. तर म्हणायची, "सांगितलं तर हे पण बंद करतील."

मी केलंच असतं. खोटं कशाला लिहू.

पितृपक्षात अविधवा नवमीला सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावानं दुसऱ्या सवाष्णीला साडी देतात. त्या दिवशी घरी या आणि ही साडी तुमच्या हातानं द्या, असं मी हिराबाईला म्हणालो. तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं, मी आळीकडे बघत आलो होतो तसंच. म्हणाली, "बघू."

निघताना मी उशी मागितली. तिनं दिली नाही. मीही पुन्हा मागितली नाही. आमच्या घरात द्रुपदी दिवसाची आडवी झालेली मी एकदाही बघितली नव्हती. उशी नेऊन ठेवली असती तरी कुठं?