अन्वरचा रिलीव्हर

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ढोलकी स्टेजवर होती, ऑक्टापॅड स्टँडवर लावलेलं होतं आणि दोन्ही वाजवणारा अन्वर शेख कुठेच नव्हता.

सातपूरमधला एक कामगार कॉलनीचा हॉल. समोर दीड-दोनशे माणसं. पहिल्या रांगेत हार घातलेले पिंगळे साहेब. एका कारखान्यात हीट ट्रीटमेंट खात्याचे फोरमन म्हणून ते परवाच रिटायर झाले होते. हीट ट्रीटमेंट म्हणजे लोखंडी भाग भट्टीत तापवून तेलात बुडवायचे, म्हणजे ते कडक होतात. खात्यातल्या लोकांनी साहेबांसाठी हा कार्यक्रम ठेवला होता आणि आमचा ऑर्केस्ट्रा अन्वरने सुचवला होता, कारण तो त्याच खात्यात भट्टीवर ऑपरेटर होता. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते, हॉल दहा मिनिटांवर. वाद्यं त्याने आदल्या दिवशीच माझ्याकडे आणून ठेवली होती.

ही १९९७-९८च्या सुमाराची गोष्ट. मोबाइल आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता.

ऑर्केस्ट्रा हा शब्द मोठा वाटतो. आम्ही चारच जण होतो. कीबोर्डवर मी, गाणारे विलास दुसाने आणि निर्मलाताई, आणि ऱ्हिदमला अन्वर. ऱ्हिदम म्हणजे ताल धरणारी सगळी वाद्यं. चौघांतला एक गेला की पाव ऑर्केस्ट्रा जातो. तो ऱ्हिदमवाला असेल तर जास्तच.

"सर, सुरू करायचं का?" आयोजकांपैकी एकाने तिसऱ्यांदा विचारलं.

"करू," मी म्हणालो.

मला फार काळजी नव्हती, हे खरं सांगतो. माझ्या नव्या कीबोर्डमध्ये ऑटो-ऱ्हिदम होता. बटण दाबलं की केरवा, दादरा, जो पाहिजे तो ठेका सुरू. अन्वर येईपर्यंत दोन-तीन गाणी त्यावर निघतील, असा माझा हिशेब होता.

पहिलं गाणं विलासचं. ध्रुवपद छान झालं. अंतऱ्यावर जाताना विलासने एक मोठा श्वास घेतला आणि समेवर उशिरा आला. सम म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, जिथे सगळ्यांनी एकत्र उतरायचं असतं. मशीन थांबलं नाही. ते पुढे निघून गेलं. विलास त्याच्यामागे धावला, मी विलासच्या मागे धावलो आणि आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या ठिकाणी पोचलो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सौजन्याच्या टाळ्या ऐकल्या की कळतात.

"बटण बदल ना," विलास कुजबुजला. "हे फार फास्ट आहे."

"तेवढंच आहे. तू श्वास घेतलास."

"मी श्वास नेहमीच घेतो."

ते खरं होतं. सात वर्षं तो त्याच जागी श्वास घेत होता आणि सात वर्षं अन्वर तिथे एक छोटा तुकडा वाजवून सम त्याच्यासाठी थांबवून धरत होता. मला वाटायचं, तो तुकडा सजावट आहे.

दुसरं गाणं निर्मलाताईंचं. त्यांचं उलटं. गाणं रंगलं की त्या पळतात. आता मशीन मागे राहिलं. आणि मी? मधल्या म्युझिकमध्ये माझ्या दोन मात्रा जास्त होतात, हे मला त्या दुपारी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी समजलं. मी स्वतःला ग्रुपचा लीडर समजत होतो.

तेवढ्यात विंगेत सुशीलाकाकू आल्या. पिंगळे साहेबांच्या पत्नी. आता खरा घोर मला त्यांचाच होता. छत्तीस वर्षांच्या संसारात साहेबांनी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. लग्नाआधी त्या गायच्या, मग राहून गेलं. आज त्या एक भावगीत म्हणणार होत्या आणि साहेबांना पत्ता नव्हता. तीन आठवडे अन्वर शिफ्ट सुटल्यावर त्यांच्या बहिणीच्या घरी जाऊन तबल्यावर त्यांची तयारी करून घेत होता.

"अन्वर कुठंय?" त्यांनी विचारलं.

"येईलच."

"खैरनार सर, मी या मशीनवर नाही म्हणणार. मी दर वेळी उशिरा उचलते. तो म्हणतो, काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका, तुम्ही थांबा, मी पण थांबतो. हे थांबेल का?"

"नाही."

"मग राहू द्या," त्या म्हणाल्या आणि पदराने कपाळ पुसलं. आवाज साधाच होता. पण एकदा राहून गेलेली गोष्ट पुन्हा 'राहू द्या' म्हणणाऱ्या बाईकडे बघवत नाही.

हॉलचा वॉचमन चिठ्ठी घेऊन आला. ऑफिसात फोन आला होता. चिठ्ठीत लिहिलं होतं: रिलीव्हर आला नाही. माल भट्टीत आहे. सोडता येत नाही. अन्वर.

रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. तो येऊन उभा राहिल्याशिवाय पहिल्याने भट्टी सोडायची नसते.

लोकांना काहीतरी सांगणं भाग होतं. मी माइक घेतला. "मंडळी, आमचे ऱ्हिदमचे कलाकार अन्वर शेख तुमच्याच खात्यात ड्यूटीवर अडकलेत. त्यांचा रिलीव्हर आलेला नाही. सांभाळून घ्या."

हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग हसू फुटलं. माना एकेक करून तिसऱ्या रांगेकडे वळायला लागल्या. तिथे नवा शर्ट घातलेला, बायकोशेजारी बसलेला एक माणूस खुर्चीत खाली सरकत होता.

पिंगळे साहेबांनी मागे वळून पाहिलं.

"बच्छाव, तुझी आज सेकंड ना?"

बच्छाव उभा राहिला. "साहेब, तुमचा कार्यक्रम म्हणून..."

"रजा टाकली?"

"फोन केला होता साहेब. कोणी उचलला नाही."

साहेब खुर्चीत पूर्ण मागे वळून बसले. मग म्हणाले, "हे बघ, परवापासून मी तुझा फोरमन नाही. तुला जा म्हणायचा मला अधिकार नाही. तू माझ्यासाठी आलास, बरं वाटलं. पण सकाळी सातपासून तिथे एक माणूस भट्टीपुढे उभा आहे."

बच्छावने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा आता. मी तुमचं ताट झाकून ठेवते."

एकाने मोटारसायकल काढली. बच्छाव नव्या शर्टातच मागे बसला.

येण्याजाण्यात आणि चार्ज देण्याघेण्यात अर्धा तास तरी जाणार होता. मी मशीन बंद केलं. विलास-निर्मलाताईंना म्हणालो, "संथ गाणी घ्या. ठेकाच नाही. माझ्या हनुवटीकडे बघा." डाव्या हाताने नुसते कॉर्ड धरले, गाणारा थांबला की थांबलो, निघाला की निघालो. आयुष्यात पहिल्यांदा मी इतकं कान देऊन वाजवत होतो. दोन गाणी बरी झाली. टाळ्याही जरा खऱ्या वाटल्या.

पाच वाजता अन्वर आला. खाकी युनिफॉर्म, कोपरापर्यंत तेलाचे डाग. हात तेवढे धुतलेले. मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, "काकूंचं झालं?"

"नाही."

"मग पहिलं तेच घेऊ."

निर्मलाताईंनी नाव पुकारलं, तेव्हा साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. दुसऱ्या कुणी सुशीला पिंगळे आहेत का, असं. काकू माइकपुढे उभ्या राहिल्या. मी सुरुवातीचं म्युझिक वाजवलं. त्यांनी उचलायला हवं होतं ती जागा आली आणि गेली. काकू नुसत्या उभ्या. अन्वरने मान वर केली नाही. ठेक्याचं आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरी, त्याने पुन्हा वाजवलं. मग आणखी एक. जणू ते तसंच ठरलेलं होतं. तिसऱ्या फेरीला त्याने एक हलकी थाप दिली आणि काकूंनी बरोबर समेवर गाणं उचललं.

आवाज थोडा थरथरत होता, पण सूर पक्का होता. साहेबांनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. नंतर ते स्टेजमागे आले. मला म्हणाले, "ती सुरुवातीला थांबली होती, ते तसंच असतं ना?"

"तसंच असतं," मी म्हणालो.

जेवताना मी अन्वरला सांगितलं, की तू काय करतोस ते मला आज कळलं.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे सर," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर आम्ही चौघांनी मिळून आणखी नऊ वर्षं कार्यक्रम केले. मी माझ्या दोन मात्रा दुरुस्त केल्या. विलास अजूनही श्वास घेतो. कार्यक्रमाची तारीख घेताना मात्र मी अन्वरला त्याची शिफ्ट विचारायचं सोडून दिलं. त्याचा रिलीव्हर त्या दिवशी कुठे जाणार आहे, एवढंच विचारायचो.