सोफ्याबाहेरचा हात

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून एखादी वस्तू आपल्याच घरात ठेवून बघायची आणि पटली तर विकत घ्यायची, हे विद्यार्थ्यांना का आवडतं? एमबीएला आमच्या गटाला हा विषय मिळाला. आम्ही प्रश्नावली वाटली. उत्तरं ठरलेली: सोपं आहे, मजा येते, मैत्रिणी वापरतात. 'आपलं घर कॅमेऱ्यासमोर उघडं करायला तुमची हरकत आहे का?' हा प्रश्न मी गुपचूप गाळला होता. कारण हरकत माझीच होती.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, सोनागिरी वस्तीतल्या आमच्या घरात पुढच्याच खोलीत बाबांची खाट होती. कारखान्यात जन्मभर राबलेला माणूस, लकव्याने उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. कॉलेजात मात्र मी सांगून ठेवलं होतं की बाबा बाहेरगावी ड्यूटीवर असतात. झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि प्रात्यक्षिकाला घर हवं म्हटल्यावर सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली, बाकीच्या तिघी होस्टेलवर राहायच्या ना. "मीच शूट करून आणते," असं म्हणून मी त्यांना घराबाहेर तरी ठेवलं.

कॉलेजसाठी व्हिडिओ काढायचाय एवढंच मी घरी सांगितलं. बाबांनी आईकडून इस्त्रीचा शर्ट घालून घेतला, भांग पाडून घेतला. माझं डोकंच फिरलं.

"कशाला एवढा थाट? फक्त हलू नका, बाबा."

स्क्रीनवर निळा, तिघांचा सोफा निवडला आणि बोटाने सरकवत खाटेवर आणला. खाट गेली, औषधांचं स्टूल गेलं, बाबा गेले. खोली कशी लख्ख दिसायला लागली. मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं खरं. घाईघाईत व्हिडिओ काढला आणि पुन्हा न बघताच पाठवून दिला.

वर्गात मोठ्या पडद्यावर तो सुरू झाला. "वाह, कितना रियल है!" मागून कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात सोफ्याच्या कडेतून एक हात बाहेर आला. हळूहळू वर गेला आणि हलला.

"अरे, भूत!"

वर्ग खिदळला. सरांनी व्हिडिओ थांबवला. हात तसाच पडद्यावर, पाची बोटं पसरलेली.

"ये हाथ किसका है?"

उत्तर अगदी ओठांवर होतं. दोन अक्षरांचं.

"मेहमान आए थे, सर."

सरांनी वहीत काहीतरी टिपलं आणि व्हिडिओ पुढे चालू केला. गुण चांगले मिळाले.

घरी आले तर बाबा जागेच होते, दाराकडे तोंड करून.

"दाखवलं?" एकेक शब्द ओढत त्यांनी विचारलं.

"हो."

"मी हात केला होता... तुझ्या मैत्रिणींना. दिसला?"

"दिसला, बाबा."

त्यांचा चेहरा उजळला. "मग? काय म्हणाल्या? सांगितलंस ना, माझे बाबा म्हणून?"

मला पुन्हा खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशी तेवढं मात्र जमलं नाही.

"नाही सांगितलं."

बाबांनी तो धड हात उचलला आणि हळूच चादरीखाली घेतला.