मैनाच्या माहेरचा वास

मैनाला गप्प बसायचं काम मिळालंय, ही बातमी खांब गावात पसरली तेव्हा सगळ्यात आधी हसली ती तिची थोरली जाऊ धोंडुबाई. हातातलं वाल पाखडायचं सूप खाली ठेवून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"मैने, अगो तुला? गप्प बसाया? त्यापरीस कालव्याला सांग, उलटा वाह म्हनून!"

मैनाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मग सराव म्हणून मिटलं.

काम होतं ते असं. मुंबईच्या एका कॉलेजातून प्रणिता नावाची मुलगी आली होती. भाताच्या खाचरातून कुठला वायू हवेत किती जातो, माती आणि झाडं त्यातला किती परत ओढून घेतात, याचा ती अभ्यास करत होती. कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणारं शेत तिला हवं होतं. मैनाचा नवरा पुंडलिक याने लगेच होकार दिला. कुणी काही मोजायला आलं की मागून एखादी योजना येते, असा त्याचा जुना समज होता.

भाताच्या चार चुडांवर, म्हणजे रोपांच्या चार झुबक्यांवर बसेल अशी, तळ नसलेली पारदर्शक पेटी होती. तिला दोन नळ्या लावलेल्या, आणि नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला सुटकेसएवढं मशीन. मशीनच्या पडद्यावर दोन वायूंच्या दोन रेघा उमटायच्या. पेटी लावली की पाच मिनिटं कुणी चिखलात पाय हलवायचा नाही, नाहीतर तळातले बुडबुडे भसकन वर येतात. पेटी धरून फळीवर बसणारं माणूस हवं होतं. पुंडलिकची कंबर धरलेली असायची, म्हणून मैना बसली.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मैनाने पेटी वाकून नीट बसवली आणि बसवता बसवता त्या खाचराची हकिकत सांगितली. कुणाची म्हैस कोणत्या साली त्यात रुतली, ती काढायला कोण कोण आले आणि त्यातले किती नुसतेच बघत उभे राहिले. पडद्यावरची एक रेघ सरसर चढली. प्रणिताने नळ्या तपासल्या, रबर तपासलं, पुन्हा पेटी लावली. मैनाने म्हशीच्या मालकाच्या लग्नाची गोष्ट सुरू केली. रेघ पुन्हा चढली. तिसऱ्या वेळी प्रणिताने मशीनकडे न बघता मैनाकडे बघितलं.

"काकू, तुम्ही पेटीत बोलताय."

"पेटीत कुठं? मी तर भायेर हाय."

"झाकताना तुमचा श्वास आत अडकतो. श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो ना. मशीन भाताऐवजी तुम्हाला मोजतंय."

मैनाला राग आला नाही. उलट तिने उत्सुकतेने विचारलं, "मग किती निघाला?"

"खूप."

बांधावर बसलेला पुंडलिक म्हणाला, "एकतीस वर्सं सांगतोय, कोन आयकत नव्हतं. आता मशीनच सांगतंय."

त्या दिवसापासून मैना तोंडाला पदर लावून, मान वळवून बसायला लागली. पाच मिनिटं संपली की साठलेलं सगळं एकदम सांगायची. पण त्या पाच मिनिटांत तिला नवीन गोष्टी दिसायला लागल्या. प्रणिता सांगायची, पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही. तिथे डोळ्यांना न दिसणारे जंतू कुजका पालापाचोळा, मुळांचा रस खातात आणि मिथेन नावाचा वायू सोडतात. भाताची काडी आतून पोकळ असते, तिच्यातून तो नळीतून यावा तसा वर येतो. हवेत गेला की सूर्याची ऊब धरून ठेवतो. कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त.

संध्याकाळी मैनाने हे घरी जसंच्या तसं सांगितलं. धोंडुबाईने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चिखलातनं येवढा वायू निघतो, तर तुझ्या म्हायेराला हंडेच्या हंडे निघत असतील. तिथला वास काय कमी हाय?"

पुंडलिक हसला. मैना हसली नाही.

मैनाचं माहेर पेणच्या पलीकडे, खाडीकाठचं. घरची खारी भातशेती आणि जोडीला मिठागरावरचं काम. एकोणिसाव्या वर्षी लग्न ठरलं तेव्हा खांबची मंडळी उन्हाळ्यात भर दुपारी बघायला गेली होती. नेमकी ओहोटी होती. उघड्या पडलेल्या चिखलाला असा काही नासक्या अंड्यासारखा वास सुटला होता की सासऱ्यांनी पोहे खाताना एका हाताने नाक धरलं होतं. मुलगी पसंत पडली, पण वास घरात कायमचा राहिला. कुठे उंदीर मेला, दूध नासलं, पुंडलिकने बूट काढले, की धोंडुबाई ठरलेलं विचारायची, "मैने, म्हायेरची मान्सं आली काय गो?" यात दुष्टपणा नव्हता. मैनाच्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी बसली होती ती धोंडुबाईच. पण एकतीस वर्षं तोच विनोद ऐकायचा म्हणजे चांगल्या माणसाचाही कंटाळा येतो.

दुसऱ्या दिवशी पेटी उचलता उचलता मैना म्हणाली, "पोरी, माज्या म्हायेरी चल. तिथला चिखल मोज."

प्रणिताला खाऱ्या पाण्याची जागा हवीच होती. चार दिवसांनी दोघी मशीन घेऊन निघाल्या. एसटीने पेणजवळ रामवाडीला उतरल्या, तिथून टेम्पो केला. वाटेत मैना एक शब्द बोलली नाही. प्रणिताने विचारलं, "बरं वाटत नाही का, काकू?"

"बरी हाय. पन तिथं जास्त निघाला तर काय करायचं, त्याचा इचार करतेय."

भाऊ जगन मिठागरावरून नुकताच आला होता. पायाला मीठ तसंच. "आलीस गो बाय?" त्याने मशीनकडे बघितलं. "ह्या काय आनलास?"

"आपल्या शेताला बघायला डॉक्टर आनलाय," मैना म्हणाली.

शेत म्हणजे आता शेत राहिलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी मोठ्या उधाणात बाहेरचा बांध फुटला, खांड पडली, आणि ती वेळेवर बांधली गेली नाही. दोन वर्षं नुसतं खारं पाणी आत-बाहेर करत राहिलं. मग भरतीबरोबर तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या बिया आल्या आणि रुजल्या. आता जिथे आईने चाळीस वर्षं लावणी केली तिथे माणसापेक्षा उंच झाडं होती, आणि ती तोडायला परवानगी नव्हती. जगन ती रोज बघायचा. मैना सणाला आली तरी त्या बाजूला फिरकत नसे.

"चप्पल काढ," जगन म्हणाला, "आनि मी ठेवतंय तिथंच पाय ठेव."

चिखलातून तिवराची मुळं बोटांसारखी वर आली होती. निवट्या, चिखलातले ते बोटभर मासे, टणाटण उड्या मारत होत्या. ओहोटी होती, वास यायचा तसा येत होता. मैनाने अंदाजाने जागा ओळखली. इथे खळं होतं. इथे आई सूप घेऊन वाऱ्याच्या बाजूला तोंड करून उभी राहायची. त्या जागी प्रणिताने पेटी लावली. मैनाला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती पाच मिनिटं गप्प होती. पेटी काढल्यावरही गप्प राहिली.

प्रणिताने एक रुंद पट्टा काढून तिवराच्या खोडाला बांधला आणि त्यालाही नळी जोडली.

"झाडाचा बीपी बघताव काय?" जगनने विचारलं.

"तसंच समजा, मामा. काही झाडं मुळाजवळचा मिथेन खोडातून वर सोडतात. काहींच्या सालीत राहणारे जंतू हवेतला मिथेन खाऊन टाकतात. विचारल्याशिवाय कळत नाही."

तीन ठिकाणी मोजून झालं. मैनाला राहवेना. "किती?"

प्रणिताने पडदा तिच्याकडे वळवला. मिथेनची रेघ जवळजवळ आडवी पडलेली होती, दुपारच्या कुत्र्यासारखी.

"बिघडला काय?"

"नाही काकू. इथे मिथेन खरंच कमी आहे. तुमच्या खाचरात याच्या कितीतरी पट होता."

"आनि मग हा वास?"

"तो वास दुसऱ्या वायूचा. मिथेनला वासच नसतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, त्यावर जगणारे वेगळे जंतू या चिखलात असतात. कुजकं खाणं तेच आधी फस्त करतात आणि हा वास सोडतात. मिथेनवाल्यांना उरतच नाही फारसं."

मैनाने क्षणभर विचार केला. "म्हंजे पयल्या पंगतीनं पातेली पुसून खाल्ली, आनि दुसरी पंगत हात धुवून बसली तशीच उठली."

"अगदी बरोबर," प्रणिता म्हणाली, आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.

जगन मात्र पंगतीवर हसला नाही. तो तिवराच्या खोडाला हात लावून उभा होता. "मंजे आईचा शेत फुकट नाय गेला, असा बोलताव?"

प्रणिता जपून बोलली. "ही झाडं हवेतला कार्बन घेतात. त्यांचा पाला, मुळं या चिखलात गाडली जातात आणि इथे कुजायला फार वेळ लागतो. शेकडो वर्षंसुद्धा तो कार्बन खाली राहतो, चिखल कुणी उपसला नाही तर."

"पन भात नाय येनार."

"नाही. भात नाही येणार."

"हां," जगन म्हणाला. "खरा बोललीस ता बरा केलास."

मग त्याने दोघींना घरी नेऊन निवट्यांचं कालवण वाढलं. प्रणिताने दोनदा मागून घेतलं, म्हणून ती त्या घरात कायमची चांगली मुलगी ठरली.

मैनाने पडद्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून आणला होता. खांबमध्ये तिने तो किराणा दुकानात, दळणाच्या रांगेत आणि एका बारशाला दाखवला. कधी कधी उलटा धरून दाखवायची, पण रेघ आडवीच असल्यामुळे काही बिघडायचं नाही. "वास येतो तो गरीब. वास येत नाय तोच चोर. आनि तो चोर तुमच्या भातात हाय." धोंडुबाईने तो पूर्ण आठवडा तिच्याशी फक्त मीठ-मिरचीपुरतं बोलणं ठेवलं.

हा रुबाब भाद्रपदापर्यंत टिकला. प्रणिता पावसाळ्यातली मोजणी करायला पुन्हा जगनकडे जाऊन आली आणि परतताना चहाला थांबली. धोंडुबाईने तिला पाट दिला, चहा दिला आणि गोड आवाजात विचारलं, "काय गो बाय, आता किती निघाला हिच्या म्हायेराला?"

मैनाने चुलीआडून डोळ्यांनी खुणा केल्या. पण प्रणिता अभ्यासातली पोर, तिला खोटं सांगता येईना. "पावसात नदीचं गोडं पाणी खाडीत येतं. खारटपणा कमी होतो, मग मिथेनवाल्या जंतूंना थोडं खायला मिळतं. त्यामुळे आता थोडा जास्त निघाला."

"म्हंजे निघतो!" धोंडुबाई म्हणाली.

"तुमच्या खाचरापेक्षा कमीच," मैना म्हणाली.

"हो, कमीच," प्रणिता म्हणाली.

"पन निघतो!"

धोंडुबाईने दुसरा कप चहा स्वतःहून ओतला. मैनाला तो फोटो उन्हाळ्यातला आहे, हे नंतर आठवडाभर सगळ्यांना समजावून सांगावं लागलं.

पण तो दुसरा कप प्रणिताच्या हातात देता देता धोंडुबाईचा चेहरा बदलला. खाचरं तिचीही होती. तिच्या हातची लावणी त्यात होती. "हसायचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आमच्या खाचरातनं जो निघतो, त्याला काय विलाज हाय का?"

"आहे. पाणी सतत तुंबवून ठेवायचं नाही. मध्येच काढून टाकायचं, जमिनीला केसाएवढ्या भेगा पडल्या की पुन्हा भरायचं. हवा आत शिरली की त्या जंतूंचं काम थांबतं. फक्त फार दिवस सुकवायचं नाही, नाहीतर खतातून दुसराच वायू सुटतो."

पुंडलिक उभाच राहिला. "भरलेलं पानी सोडून देऊ? कालव्याच्या पाळीला पानी सोडनाऱ्या पाटकऱ्याशी मी भांडतो ते कशाला?"

त्यावर तीन दिवस वाद झाला. या वादात दोन्ही जावा पहिल्यांदाच एका बाजूला होत्या, आणि पुंडलिकला ती युती झेपली नाही. कोपऱ्यातलं सगळ्यात लहान खाचर त्याने दिलं. "मेलं तर मेलं," म्हणाला.

पुढच्या उन्हाळी हंगामात त्या खाचरातलं पाणी दोनदा काढलं. पुंडलिक रोज सकाळी जाऊन भेगांत बोट घालून बघायचा आणि आजारी माणसाला बघून यावं तसं तोंड करून परत यायचा. प्रणिताने पेटी लावली. रेघ निम्म्याहून खाली आली. भात मात्र शेजारच्या खाचरासारखाच फुटला, काडीने काडी तसाच. पुंडलिकने एकेका चुडातले फुटवे मोजले, पुन्हा मोजले आणि कुणाला काही सांगितलं नाही. मैनाने ते बांधाआडून बघितलं आणि तीही, नवल म्हणजे, काही बोलली नाही.

पाणी नसलं की तण माजतं, हे मात्र प्रणिताच्या वहीत बारीक अक्षरात होतं. दोघी जावा मार्चच्या उन्हात त्या खाचरात खुरपी घेऊन ओळीने बसल्या.

"तुज्या त्या चोरापायी माजी कंबर गेली," धोंडुबाई म्हणाली.

"मग पुढच्या साली नको करू या."

"नको कशाला? दोन खाचरं करू. चांगलं दिसतंय भात." धोंडुबाईने तणाची मूठ बांधावर फेकली. ती पुंडलिकच्या पायापाशी पडली. "पन खुरपायला तुजा नवरा बसंल."

पुंडलिकला त्याच वेळी रोह्याला काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं.