झेंडूच्या तोरणाची तार

आमच्या पाण्याच्या टँकरच्या डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागला की वडील माझ्याकडे बघायचे, जणू तो मीच लावलाय. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला हा माझा गुन्हा. जुन्या गाडीचं इंजिन ते नुसत्या आवाजावरून ओळखत. नव्या गाडीचं डिझेल कॉम्प्युटर सोडतो आणि बिघडलं की स्कॅनरवर इंग्रजीत बोलतो. म्हणून पुण्याजवळच्या मांजरी गावाहून निघणाऱ्या प्रत्येक खेपेला क्लीनरच्या जागी मी असायचे, मांडीवर स्कॅनर घेऊन.

त्या उन्हाळ्यात गाडीनं छळ मांडला होता. चढ आला की ताकद जायची, सपाटीला शहाण्यासारखी चालायची. स्कॅनर सांगे, डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल तुटतोय. सेन्सर बदलला, तरी तेच. गॅरेजमध्ये उभी केली की सगळी मापं बरोबर यायची. शेवटी वडील वैतागून म्हणाले, "आणखी एकदा बंद पडली की इकून टाकतो. मग तू मोकळी." मला कोथरूडच्या एका कंपनीत टेस्टिंगची नोकरी मिळाली होती, होकार कळवायचा बाकी होता. खोटं कशाला सांगू, मी गाडी बंद पडायची वाट बघत होते.

ती पडली, आणि कुठं पडली! कोथरूडच्याच एका सोसायटीच्या गेटात. पाण्यानं भरलेला टँकर वडील रिव्हर्समध्ये चढावर घेत होते, मी रस्त्यावर उभी राहून हात दाखवत होते. केबिन बरोबर दोन खांबांच्या मध्ये आली आणि इंजिनानं मान टाकली. दोन्ही दारं खांबांना टेकलेली, वडील आत कोंडलेले. वर गाडी चढेना, खाली गल्लीत तोवर रिक्षा आणि स्कूटरची रांग लागलेली. सगळे हॉर्न वाजवत होते, जणू त्यानं इंजिन सुरू होणार होतं. सोसायटीचे सेक्रेटरी गेटच्या आतून म्हणाले, "अहो ताई, आम्ही पाणी मागवलं होतं. गेटला झाकण नव्हतं मागवलं."

मला रडू येत होतं आणि त्यांच्या अंगावर ओरडावंसंही वाटत होतं. दोन्ही न करता मी समोरची जाळी उघडली. वडिलांना इंजिन चालू करून एकसारखा अॅक्सिलरेटर द्यायला सांगितलं आणि आत हात घालून वायरींचे जुडगे एकेक करून हलवू लागले. एका जुडग्याला हात लावताच इंजिनाचा वेग बसकन खाली आला. जुडगा सोडला, वेग पुन्हा चढला. वाकून पाहिलं तर वायरींभोवती लोखंडी तार आवळलेली, तिला झेंडूच्या वाळक्या पाकळ्या चिकटलेल्या.

दसऱ्याला वडिलांनी पूजा करून तोरण बांधलं होतं. फुलं वाळल्यावर काढली, तार ठेवली, पुढच्या वर्षी कामाला येईल म्हणून. जाळीतून आत ओढून त्यांनी ती नेमकी सेन्सरच्या वायरीभोवती पिळली होती. चढावर इंजिन जोरानं हललं की तार वायरीत रुतायची. वरचं प्लॅस्टिक कापलं जाऊन आतलं तांबं दिसत होतं.

क्षणभर वाटलं, जाळी लावावी आणि काही सापडलं नाही म्हणावं. कुणाला कळलं असतं? वर बघितलं तर वडील काचेला कपाळ टेकून माझ्याकडे बघत होते. घामानं सदरा भिजलेला. "सापडलं का गं?" त्यांनी खिडकीच्या फटीतून विचारलं.

"सापडलं, दादा."

पक्कडीनं तार कापली, वायरीला टेप गुंडाळली, स्कॅनर लावून पिवळा दिवा घालवला. टँकर एका दमात वर चढला. पाणी सोडताना वडील सेक्रेटरींना सांगत होते, "माझ्या पोरीनं काढला फॉल्ट. गॅरेजवाल्यांना नाय जमला. आता कशाला इकायची? ही हाय की!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं चारचौघांत कौतुक केलं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. गाडी बंद पडायची वाट बघणारीही मीच होते.

परतताना केबिनमधूनच मी कंपनीला फोन लावला. मला जमणार नाही, असं मी सांगितलं. "नक्की?" पलीकडच्या बाईंनी विचारलं. नक्की, मी म्हणाले. वडील समोर रस्त्याकडे बघत सगळं ऐकत होते. मी फोन खाली ठेवला. त्यांनी गिअर बदलला.

मग म्हणाले, "पुढची खेप कुठं हाय?"