चिकटरावांची सीडी

कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांचं नाव चिकटराव पडलं ते कंजूषपणामुळे नव्हे, डिंकामुळे. दिसेल त्या वस्तूवर कागदाची पट्टी डकवायची आणि टपोऱ्या अक्षरात तिचं नाव घालायचं, ही त्यांची खोड. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आले, तेव्हा सामानाबरोबर ती खोडही आली. डब्यांवर ‘साखर’, ‘मीठ’ ठीक होतं. पण चष्म्याच्या डबीवर ‘चष्मा, लांबचा’ वाचून जावयाला हसता हसता ठसका लागला होता.

“हसा, हसा! पण माझ्या हातून आजवर एक वस्तू बिघडलेली नाही,” हे चिकटरावांचं पालुपद.

आणि बिघडला तो नेमका जावयाच्या गाडीतला सीडी प्लेअर.

त्याचं असं झालं. नात ठमी गाडीत बसली की तिला मळमळायचं. गाणी म्हणत राहिली की विसरायची. म्हणून चिकटरावांनी, म्हणजे तिच्या आबांनी, शेजाऱ्याकडून गाण्यांची सीडी भरून आणली, तिच्यावर डिंकाने कागद डकवला आणि दुपारी घर घोरत असताना गाडीत लावून पाहिली. गाडी उन्हात तापलेली. दोन गाणी वाजली आणि तिसऱ्याला कर्रर्र! बटण दाबलं. आत काहीतरी कण्हलं, पण सीडी बाहेर येईना. मग आबांना दुर्बुद्धी सुचली आणि ते स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आले. फटीत खुडबुड केली, तर सीडी आणखीच आत जाऊन बसली.

संध्याकाळी प्लेअरमध्ये सीडी अडकलेली पाहून लेक कडाडली, “हे कोणी केलं?”

आबा तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर पोरीकडे वळली. “ठमे, तूच ना? परवा त्याच फटीत बिस्कीट कोंबत होतीस!”

“नाही गं आई!”

“आबा, तुम्ही पाहिलंत हिला?”

आबांनी मान हलवली. ती ‘हो’ म्हणून हलली की ‘नाही’ म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लेकीने ‘हो’ धरलं. ठमी मुसमुसत झोपली. तरी आबा बोलले मात्र नाहीत. आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला.

सुट्टीच्या दिवशी जावई म्हणाला, “चला आबा, टेपवाल्याकडे जाऊन येऊ. ठमे, तूही चल.”

टेपवाला गाडीत आडवा घुसला, स्क्रू काढले, तारांसकट प्लेअर ओढून मांडीवर घेतला. “काय हो, कोणाचा पराक्रम हा?”

ठमी पुढे झाली. तिने दोन्ही कान धरले. “काका, मी केलं. मला आठवत नाही, पण मीच केलं. आबांनी पाहिलंय.”

कान तिने धरले आणि तापले आबांचे.

टेपवाल्याने वरचं झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला. “हे बघा! उन्हाने कागद सुटून रोलरला गुंडाळलाय. अहो, सीडीवर कोणी कागद चिकटवतं का?”

जावई एकदम समोरच्या टायरच्या दुकानाकडे बघू लागला. इतक्या आस्थेने टायरांकडे टायरवाल्यानेही कधी पाहिलं नसेल. जावयाने रागाने बघितलं असतं तर आबांना सोसलं असतं. हे न बघणं सोसवेना.

“मी,” ते म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, “सीडी मी घातली. सुरीही मीच खुपसली. पोरीने काही केलेलं नाही.”

“सुरी आज सकाळी सीटखाली सापडली, आबा,” जावई हळूच म्हणाला. “वर पट्टी आहे, ‘सुरी, भाजीची’. नेऊन ठेवली जागेवर.”

“मग बोलला का नाहीत?” आबांनी विचारलं.

“म्हटलं, तुम्ही बोलाल. म्हणून तर बरोबर आणलं.”



टेपवाल्याने रोलर उचलून धरला आणि सीडी अलगद बाहेर घेतली. चरे पडलेली, कागद लोंबणारी. ती त्याने ठमीच्या हातात दिली. ठमीने बोट ठेवून वाचलं, “ठ... मी... ची... गा... णी.” मग वर पाहिलं.

“आबा, म्हणजे मी नव्हतं केलं?”

“नाही गं, बाळा.”

“पण मला आठवायला लागलं होतं!”



परतताना ठमी गायली नाही. खिडकीबाहेर तोंड काढून मुकाट बसली. घराचा जिना चढताना ती रोज आबांचं बोट धरायची. आज सीडी छातीशी धरून बाबाच्या मागे चढली. दाराशी थांबून मात्र म्हणाली, “आईला मी नाही सांगणार. तू सांग.”

लेकीने दार उघडलं. “निघाली का हो सीडी?”

“निघाली,” आबा म्हणाले. चपला त्यांनी काढल्या नव्हत्या. “गॅस बंद कर आणि इकडे ये जरा. ठमे, तूही इथेच थांब. तुझ्यासमोरच सांगायचंय.”